इमारत पोसायला काय लागतं

आमचं घर एकदाचं बांधून झालं, असं आम्हाला कधी म्हणताच आलं नाही. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची बौद्धवाडी. तिच्यात शेवटचं घर आमचं, म्हणजे समुद्राच्या वाऱ्याला पहिलं. भिंती मातीच्या, वर कौलं. आमच्याकडे पावसाळ्यात पाणी वरून येतं त्यापेक्षा आडवं जास्त येतं, आणि ते पश्चिमेच्या भिंतीला लागत राहिलं की माती आधी फुगते आणि मग बसते. म्हणून मे महिन्यात नारळाच्या झावळ्या पाण्यात भिजत घालायच्या, त्यांचे झाप विणायचे आणि बांबूच्या चौकटीवर बांधून पश्चिमेच्या भिंतीसमोर पडदा उभा करायचा. त्याला आम्ही झड म्हणतो. दसऱ्यानंतर झड उतरते, कुजलेले झाप चुलीत जातात आणि पुढच्या मे महिन्यात सगळं पहिल्यापासून.

आईचा झाप विणण्यात हात धरणारं वाडीत कुणी नव्हतं. पण मे महिनाभर ती विणायची ती बागायतदारांच्या घरांसाठी. बाबा त्याच बागायतींमध्ये सुपारी-नारळ काढायला जायचे आणि त्यांच्याच झडी बांधायचे. सगळ्यांच्या भिंती झाकून झाल्या की मग आमची. त्यामुळे आमची झड उरल्यासुरल्या झापांची आणि बहुतेक वर्षी पाऊस लागल्यावर, भिजत भिजत बांधलेली.

मी नववीत होते त्या वर्षी ती बांधलीच गेली नाही. बाबा तापाने पडून होते आणि आई एकटी दोन्हीकडे पुरी पडली नाही. एका दुपारी मी शाळेतून आले तर चुलीच्या मागच्या भिंतीच्या जागी मला समोरची खाडी दिसली. आई ओल्या मातीतून भांडी वेचत होती. रडत वगैरे नव्हती. शेजारच्या काकी हळहळत होत्या तर त्यांनाच म्हणाली, “घर बांधलं तवा कुनी सांगितलं न्हाय, का याला दरसाल खायला घालावं लागेल.”

दिवाळीपर्यंत आम्ही ताडपत्रीच्या आडोशाने काढली. बाबांनी पुढच्या एका खोलीसाठी जे बाजूला ठेवलं होतं ते त्या एका भिंतीत गेलं. खोली काही झाली नाही. माझ्या दहावीचा अभ्यास मी विहाराच्या पायरीवर केला आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्या घरात त्याआधी दहावी कुणी पाहिली नव्हती.

पुढे अलिबागला विजेच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. माझ्याबरोबर वाडीतली माझी मैत्रीणही होती. आम्ही एकाच एसटीने जायचो, एकाच डब्यात जेवायचो. प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालायचं आणि आमची शेवटची गाडी त्याआधीच सुटायची. पावसाळ्यात तर गाडी येईल की नाही हेच कळायचं नाही. प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायचं, नाहीतर स्टँडवर कुणाच्या तरी टेम्पोची वाट बघत उभं राहायचं. अलिबागमध्ये मुलींनी राहावं अशी परवडणारी जागा नव्हती. पहिल्या वर्षाच्या शेवटी मैत्रिणीच्या वडिलांनी सांगितलं की पोरीचा जीव रस्त्यावर घालून मला इंजिनीअर नको. तिचं लग्न झालं. माझ्यापेक्षा ती हुशार होती, हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आजही म्हणते. माझ्या बाबांनी एवढंच केलं की मला थांबवलं नाही. संध्याकाळी उशीर झाला की ते सायकल घेऊन फाट्यावर येऊन बसायचे, आणि मी दिसले की सायकल हातात धरून पुढे चालू लागायचे.

डिप्लोमा झाला, मग नोकरी सांभाळून पदवी झाली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी. आईने ती भिंतीवर लावली, पण पश्चिमेच्या नव्हे.

मी नवी मुंबईतल्या एका लहान सल्लागार कंपनीत काम करते. काम काय, तर नवी इमारत बांधायच्या आधी ती आयुष्यभर किती खाईल याचा हिशेब मांडायचा. बांधकामाचा खर्च सगळे विचारतात. पण वीज, पाणी, डागडुजी, रंग, खराब होणारी यंत्रं आणि ती बदलण्याचा खर्च, शेवटी मोडून टाकण्याचा खर्च, हे सगळं मिळून बांधकामापेक्षा बरंच जास्त होतं. आता तर इमारतींमध्ये सेन्सर आले. खोलीत कुणी नसेल तर दिवे आपोआप बंद होतात, टाकी भरली की पंप थांबतो, हवा दमट झाली की यंत्र चालू होतं. अशा इमारतीला आमच्या धंद्यात बुद्धिमान इमारत म्हणतात. ही बुद्धी विकत घेताना महाग पडते. ती पुढे वाचवलेल्या पैशातून फिटते का आणि किती वर्षांत, हे आम्ही सांगतो.

आईने एकदा विचारलं की तू नेमकं करतेस काय. मी सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे इमारत पोसायला काय लागतं ते बघतेस.” यापेक्षा चांगली व्याख्या मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती.

या हिशेबात शिकणाऱ्या मुलांना एक गोष्ट नेहमी अवघड जाते. वीस वर्षांनी वाचणारा रुपया आजच्या रुपयाएवढा धरायचा नसतो, कमी धरायचा असतो. कॉलेजात सरांनी हे फळ्यावर मांडलं तेव्हा मला ते लगेच पटलं. आमच्या भागात पुढच्या हंगामाची सुपारी झाडावर असतानाच व्यापाऱ्याला देऊन पैसे उचलले तर भाव कमी मिळतो. उद्याच्या सुपारीचा आजचा भाव कमी, हे मला बाबांच्या बोलण्यातून लहानपणीच माहीत होतं. फक्त त्याला सूत्र असतं हे माहीत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी अलिबागच्या एका शिक्षण संस्थेचा फोन आला. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर मुसलमान गृहस्थ, सगळे त्यांना चाचा म्हणतात. उमेदीची वर्षं त्यांनी आखातात मोठ्या इमारतींची एसी यंत्रं सांभाळण्यात घालवली आणि परत आल्यावर गावच्या पोरांसाठी ही संस्था उभी केली. संस्थेची एक अभ्यासिका होती, तळमजल्यावर वाचनाची खोली आणि वर संगणकांची, आणि ती एका कंपनीने बुद्धिमान करून दिली होती. आता त्यांना मुलींचं वसतिगृह बांधायचं होतं. पैसे मुंबईतले एक दाते द्यायला तयार होते. त्यांचा अलिबागला समुद्राकाठी बंगला आहे. पण त्यांची अट होती. बांधून मी देतो, ते पुढे चालवण्यापुरतं व्याज येईल एवढी ठेवही देतो, मात्र त्या व्याजात वसतिगृह वर्षानुवर्षं चालेल हे बाहेरच्या कुणीतरी कागदावर दाखवून द्यावं. उद्या कुलूप लागलेली इमारत माझ्या आईच्या नावाने उभी राहायला नको, असं ते म्हणाले होते.

त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे उद्घाटनाची कोनशिला बसवतात, पण दिव्यांचं बिल कोण भरणार ते ठरलेलं नसतं.

मुलींचं वसतिगृह आणि तेही अलिबागला म्हटल्यावर मी कंपनीतल्या आमच्या सरांना सांगितलं की हे काम मी करणार, फी जी मिळेल ती. त्याच सुमारास मैत्रिणीचा फोन आला होता. तिची मुलगी दहावीला होती आणि तिलाही तोच डिप्लोमा हवा होता. मैत्रीण म्हणाली की गाड्यांचं अजून तेच आहे गं. मग म्हणाली, माझा बाप वाईट नव्हता, मला आता कळतं, कारण आता मी त्याच्या जागी आहे. मी तिला वसतिगृहाचं सांगितलं आणि सांगून झाल्यावर वाटलं, की सांगायला नको होतं. कारण अजून काहीच ठरलेलं नव्हतं.

होळीनंतर पहिली बैठक झाली. नव्या इमारतीचा अंदाज बांधायला जुन्या इमारतीची बिलं हा सगळ्यात चांगला आधार, म्हणून मी अभ्यासिकेची सगळी बिलं मागवून मांडणी केली होती. ती बिलं पाहून माझाच चेहरा उतरला होता. उन्हाळ्यात इमारत शहाण्यासारखी वागायची. पावसाळा लागला की बिल कुठल्या कुठे जायचं आणि दिवाळीपर्यंत खाली यायचं नाही. या हिशेबाने वसतिगृह चालवलं तर ठेवीचं व्याज पुरत नव्हतं. साधी, सेन्सर नसलेली इमारत धरली तरी पुरत नव्हतं, कारण मुली रात्रंदिवस राहणार, दिवे-पंखे-पंप कुणी बंद करत फिरणार नाही. म्हणजे सेन्सर नीट चालले तरच वसतिगृह होणार होतं, आणि समोरचे सेन्सर तर चालत नव्हते.

संस्थेचे खजिनदार बाजारात हार्डवेअरचं दुकान चालवतात. त्यांना शेठ म्हणतात. ते म्हणाले, “ताई, आम्ही हुशार इमारत घेतली. आता हुशार ती आणि बिल भरणारे आम्ही.”

सगळे हसले. मीही हसले, काय करणार. शेठनी पुढे सांगितलं की कंपनीचा माणूस दरवर्षी येतो, सगळं तपासतो, यंत्रणा उत्तम आहे म्हणून सही करतो, चहा पितो आणि जातो. त्यांचं मत होतं की दात्यांना स्पष्ट कळवून टाकावं, हे आपल्याच्याने होणार नाही, त्यापेक्षा त्यांनी मुलींना शिष्यवृत्त्या द्याव्यात. चाचांनी मला विचारलं, “बेटी, मी तिकडे अशीच यंत्रं सांभाळायचो. तिथे कुणाची तक्रार नव्हती. पण तिथे पाऊसही नव्हता. तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, मला एक पावसाळा द्या. शेठ म्हणाले की दात्यांना दिवाळीपर्यंत उत्तर हवंय. म्हटलं, तेवढा पुरेल.

मे महिन्याच्या शेवटी मी आईकडे आले होते. एका सकाळी अलिबागला जाऊन अभ्यासिका पाहून यावी म्हणून गेले. दारातच बांबू पडलेले. इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ, ज्यांना सगळे मामा म्हणतात आणि जे पूर्वी चौलच्या बागायतींमध्ये कामाला होते, शिडीवर चढून पश्चिमेच्या व्हरांड्याला झड बांधत होते. खाली त्यांची बायको, मामी, निळं प्लास्टिक आणि झापांची चळत घेऊन उभ्या. सिमेंटची इमारत, पण त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच ते इथेही करत होते. मला बघून बरं वाटलं. बऱ्याच वर्षांत कुणाला इतक्या निगुतीने झड बांधताना पाहिलं नव्हतं. मी ओढणी खोचली आणि मामींच्या हातून झाप घेऊन वर द्यायला लागले.

मामा वरून म्हणाले, “मॅडमना जमतंय की.”

मी म्हटलं, “माझ्या आईला बघाल तर शिडीवरून खाली याल.”

तेवढ्यात माझं लक्ष मामांच्या डाव्या हाताकडे गेलं. व्हरांड्याच्या खांबावर एक पांढरा डबा होता, वहीएवढा, जाळीच्या झापडीचा. मामांनी आधी त्याला प्लास्टिकची पिशवी घातली, सुतळीने तोंड आवळलं आणि मग त्याच्यावरून झाप ओढून घेतला. मी विचारलं, हे काय.

मामा म्हणाले, “कंपनीवाल्यांची काय ती मशीन हाय. म्हागाची असंल. म्हनून पयली हीच झाकतो, मग भिंत.”

मी हातातला झाप खाली ठेवला.

तो डबा म्हणजे इमारतीचे डोळे आणि नाक होतं. बाहेर उजेड किती आणि हवेत दमटपणा किती हे त्याने आतल्या यंत्राला सांगायचं. डब्यावर पिशवी आणि पिशवीवर झड. म्हणजे जूनपासून दसऱ्यापर्यंत इमारतीला कायम रात्र वाटत होती. सकाळी अभ्यासिका उघडल्यापासून बंद होईपर्यंत सगळे दिवे पेटलेले. पिशवीत कोंडलेलं बाष्प, म्हणून वरच्या खोलीतलं हवा कोरडी करणारं यंत्र सुट्टीच्या दिवशीसुद्धा धापा टाकत चालू. पावसाळी दिवसांत दिवे लागलेले असले तर कुणाला काय वाटणार, मुलं खूश होती. आणि कंपनीचा माणूस यायचा तो दिवाळीनंतर. तेव्हा झड उतरलेली, पिशवी काढलेली, डबा पुसून लख्ख केलेला. त्याला सगळं उत्तमच दिसणार.

मी तिथेच व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसून हसले. मामी घाबरल्या, त्यांना वाटलं मॅडमना ऊन लागलं. मी मामांना खाली बोलावून समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले की आमाला कुनी सांगितलं न्हाय. ते खरंच होतं. डबा लावणाऱ्याने तो काय आहे हे सांगितलं नव्हतं, आणि आमच्या किनाऱ्यावर पश्चिमेची भिंत पावसाळ्यात झाकतात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चाचांना फोन केला. ते होते तसे शेठना घेऊन आले. शेठ आल्या आल्या मामांवर उखडले. इतक्या वर्षांचं वाढीव बिल कुणाच्या पगारातून कापू असं त्यांनी विचारलं. मामा मान खाली घालून उभे होते. चाचा आधी डब्याकडे बघत राहिले, मग पिशवीकडे. मग म्हणाले, “शेठ, माझ्या घरचा नवा टीव्ही बेगमने अजून कव्हर घालून ठेवलाय. तिच्या पगारातून कापू का?”

शेठना हसू आवरलं नाही. विषय तिथेच संपला. पगार कुणाचाच कापला गेला नाही.

शेठचं पुढचं म्हणणं असं की मग सोपं आहे, झड बंद करा. मी नको म्हटलं. मी पश्चिमेची आणि उत्तरेची भिंत हात लावून बघितली होती. उत्तरेला झड नव्हती, तिथे गिलाव्याला पोपडे आलेले आणि खिडकीच्या गजांना गंज चढलेला. पश्चिमेची भिंत, जिला सगळ्यात जास्त मार बसतो, ती नव्यासारखी होती. झड गेली तर विजेत वाचलेलं सगळं गिलाव्यात आणि रंगात जाणार. बदलायची होती ती डब्याची जागा. आम्ही तो पूर्वेच्या जिन्याच्या छज्ज्याखाली नेला, जिथे उजेड आहे, वारा आहे, पण मारा नाही. मामांनी स्वतः भिंतीला भोक पाडून दिलं, आणि त्यानंतर तो पावसाळाभर रोज सकाळी त्याच्याकडे बघून यायचे, लहान मूल झोपलंय का ते बघावं तसे.

मग मी वाट बघितली. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात लांब वाट. मैत्रिणीच्या मुलीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला आणि ती आमच्यासारखीच एसटीने जाऊ लागली. शेवटची गाडी चुकायची त्या दिवशी ती मामा-मामींच्या घरी राहायची. मीच तशी विनंती केली होती, आणि मामी म्हणाल्या होत्या की विचारायचं काय त्यात. मैत्रीण फोनवर वसतिगृहाचं नाव काढायची नाही. मीही काढायचे नाही.

जुलैचं बिल आलं ते शेठनी मला पाठवलं, खाली एक अक्षर नाही. ते उन्हाळ्याच्या बिलाच्या आसपास होतं. ऑगस्टचं आलं, तेही तसंच. गणपती झाले. सप्टेंबरच्या बिलाबरोबर शेठनी लिहिलं की ताई, तुमची इमारत आता शुद्धीवर आली.

पण बिल उतरलं म्हणून हिशेब आपोआप जमला असं नाही. वसतिगृहाचा अहवाल मी नव्याने लिहायला घेतला आणि जिथे जिथे समुद्राचा संबंध येतो तिथे हात आखडता घेतला नाही. सेन्सरच्या पत्रकात जे आयुष्य छापलं होतं ते समुद्र न पाहिलेल्या इमारतीतलं होतं. इथली खारी हवा दोन-चार पावसाळ्यांत एसीची जाळी खाते, हे मांडव्यापासून मुरुडपर्यंत कुठल्याही बंगल्याच्या मागच्या बाजूला जाऊन बघावं. म्हणून प्रत्येक विजेची पेटी आणि प्रत्येक सेन्सर मी कंपनीच्या शब्दापेक्षा बराच लवकर बदलायला धरला. तसं धरल्यावर सगळंच बुद्धिमान करणं परवडेना. मग एकेक गोष्ट काढून बघितली. कार्डाने उघडणारी दारं काढली, कुलूप-चावी पुरे. एसी मुळातच नको, वारा भरपूर आहे. ठेवलं ते एवढंच, की जिथे मुली विसरणार हे नक्की, तिथले दिवे आणि पंखे, पाण्याचा पंप, आणि उन्हावर तापणारं पाणी. हे सगळं स्वतःची किंमत काही वर्षांतच फेडत होतं आणि पुढे निव्वळ वाचवत होतं.

आणि वार्षिक खर्चात मी एक ओळ घातली, झड. बांबू, झाप, मजुरी, दरवर्षी. अहवाल तपासताना आमच्या सरांनी मला बोलावून विचारलं की हे झड काय आहे आणि हे कुठल्या सदरात मोडतं. मी समजावलं. ते म्हणाले की मग हंगामी संरक्षक आवरण असं लिही, बरं दिसेल. मी म्हटलं, सर, ते ज्याला बांधायचंय त्याला वाचून कळलं पाहिजे. सरांनी ती ओळ तशीच ठेवली. वसतिगृहाच्या नकाशातही आर्किटेक्टला सांगून पश्चिमेच्या भिंतीला बांबू अडकवायचे हूक आधीच बसवून घेतले, आणि सगळे सेन्सर त्या भिंतीपासून लांब.

दसऱ्यानंतर बैठक झाली. दाते स्वतः आले होते. मी अहवाल वाचला. वर्षाला लागणारा खर्च व्याजात बसत होता आणि मोठ्या दुरुस्त्यांसाठी थोडं बाजूलाही पडत होतं. दात्यांनी दोन-तीन आकड्यांवर बोट ठेवून विचारलं, मी उत्तरं दिली. मग त्यांनी झडीच्या ओळीवर बोट ठेवलं. मी सांगायला तोंड उघडणार तोच शेठ म्हणाले, “ते राहू द्या साहेब. ते काढलं तर बाकीचं सगळं खोटं पडेल.”

दात्यांनी सही केली. चाचांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी बाहेर येऊन आधी मैत्रिणीला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माझ्या पोरीपुरतं नको बघूस. मागून येतील त्यांचं बघ.” म्हटलं, त्यांचंच बघितलंय.

बांधकाम वेळेत झालं म्हणणार नाही. वाळू अडली, एक ठेकेदार बदलावा लागला, आणि मैत्रिणीच्या मुलीची दोन वर्षं एसटी आणि मामींचं घर यातच गेली. तिला वसतिगृह मिळालं ते शेवटच्या वर्षाला. पण मिळालं.

पहिल्या पावसाळ्याआधी वसतिगृहाची झड बांधायची होती तेव्हा मामांनी झाप कुणाकडून घ्यायचे असं विचारलं. मी आईचं नाव सांगितलं. आता तिचे हात पहिल्यासारखे चालत नाहीत, म्हणून वाडीतल्या बायका तिच्याकडे बसून विणतात आणि ती चुका काढते. टेम्पोतून झाप अलिबागला आले, त्याबरोबर तीही आली. सगळ्या भिंतीला झड लागेपर्यंत खुर्ची टाकून बसली. मग खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, खोलीतून बाहेर आल्यावर दिवा आपोआप विझला तो दोनदा आत-बाहेर करून बघितला. खाली उतरताना म्हणाली, “ही खाते कमी. बरी हाय.”

त्या वर्षाचं सगळं मिळून बिल माझ्या अंदाजाच्या आत आलं. मैत्रिणीची मुलगी पहिल्या वर्गात डिप्लोमा पास झाली आणि आता पदवी करते आहे. वसतिगृहाच्या सगळ्या खोल्या भरलेल्या आहेत आणि ते स्वतःच्या ठेवीच्या व्याजावर चालतं आहे.